तरंगती पवनचक्की समुद्रात बांधताना: बहुउद्देशीय जहाजावर नव्यानं येणाऱ्यांसाठी

बहुउद्देशीय जहाजावर पहिल्यांदा चढलेला माणूस आधी क्रेनकडे बघतो. साहजिक आहे, डेकवर सगळ्यात उंच तीच असते. पण तरंगत्या पवनचक्क्यांच्या कामावर आला असाल तर मान फिरवा आणि जहाजाच्या मागच्या टोकाकडे बघा. तिथं एक जाडजूड पोलादी रोलर असतो, त्याच्या पुढ्यात डेकमधून वर येणारे पोलादी जबडे आणि खुंट्या असतात. तुमचं काम बहुतेक तिथंच होणार आहे.

कारण सोपं आहे. पाणी साधारण ६० मीटरपर्यंत खोल असेल तर पवनचक्कीचा पाया तळात रोवतात आणि पाय टेकून उभं राहणारं जॅक-अप जहाज वरचे भाग चढवतं. त्याहून खोल पाण्यात पाया रोवणं परवडत नाही आणि जॅक-अपचे पायही पुरत नाहीत. मग टर्बाइन बंदरातच पूर्ण उभं करतात, मनोरा, नॅसेल (मनोऱ्यावरची जनित्राची पेटी), तिन्ही पाती, सगळं. तो डोलारा तरंगत्या पायासकट ओढत नेतात आणि तळाशी आधीच बसवून ठेवलेल्या नांगरांना बांधतात. म्हणजे खुल्या समुद्रात उचलायचं फार थोडं, ओढायचं आणि बांधायचंच जास्त. जहाज कसं निवडायचं, डेक कसा लावायचा, कुठं उभं राहायचं नाही, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

फ्लोटर कोणता, ते आधी विचारा

कामाचे कागद हातात आले की सगळ्यात आधी तरंगत्या पायाचा प्रकार बघा. बोलताना सगळे त्याला फ्लोटरच म्हणतात.

स्पार म्हणजे उभा लांबलचक नळकांडा, बुडाशी बॅलास्ट, म्हणजे तोल धरणारा जड भार. समुद्रात अगदी शांत उभा राहतो, पण बंदराच्या धक्क्याला लागू शकत नाही, कारण त्याला पाणीच प्रचंड लागतं. स्कॉटलंडमधल्या पीटरहेडच्या समोर २०१७ साली उभ्या राहिलेल्या हायविंड स्कॉटलंडच्या पाच टर्बाइनचा पाण्याखालचा भाग सुमारे ७८ मीटर आहे. त्यामुळे ती नॉर्वेतल्या स्टोर्ड इथल्या खोल, निवाऱ्याच्या खाडीत जोडली. साइपेम ७००० या अजस्र क्रेन-जहाजानं अख्खी टर्बाइन उचलून स्पारवर ठेवली आणि मग ती उत्तर समुद्र ओलांडून ओढत नेली. मोठी क्रेन इथंही लागली, पण शांत पाण्यात.

सेमी-सबमर्सिबल म्हणजे तीन-चार खांब एकमेकांना जोडलेला तराफा. पाणी कमी लागतं, धक्क्याला लागतो, जमिनीवरच्या क्रेननं त्यावर टर्बाइन चढवता येतं. पोर्तुगालच्या व्हियाना दो कास्तेलोसमोरची विंडफ्लोट अटलांटिकची टर्बाइन स्पेनमधल्या फेरोलला जोडली. ॲबरडीनजवळच्या किनकार्डिनची मोठी टर्बाइन रॉटरडॅमला चढवली. दोन्ही ठिकाणी पुढचा प्रवास ओढतच झाला.

तिसरा प्रकार टेन्शन-लेग प्लॅटफॉर्म. तो उभ्या, ताणलेल्या दोरांनी तळाशी खेचून धरलेला असतो. जागेवर बांधला की घट्ट, पण बांधेपर्यंत बहुतेक रचना स्वतःच्या जोरावर पुरेशा स्थिर नसतात, त्यामुळे ओढताना आणि जोडताना जादा आधाराची व्यवस्था करावी लागते. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरच्या प्रोव्हान्स ग्राँ लार्ज प्रकल्पात हाच प्रकार आहे. नवख्या माणसाच्या वाट्याला सेमी-सब येण्याची शक्यता जास्त, म्हणून पुढचं सगळं तेच डोळ्यासमोर ठेवून लिहितो.

जहाजाची कुंडली वाचायला शिका

प्रत्येक जहाजाचं एक माहितीपत्रक असतं. त्यात केबिन किती, जेवणघर केवढं, हेही असतं. ते नंतर बघा.

पहिला आकडा बोलार्ड पुलचा. जहाज जागेवर उभं राहून पूर्ण जोर लावेल तेव्हा दोरावर किती टन ओढ येते, तो हा आकडा. मोठ्या नांगर-हाताळणी जहाजांचा तो २०० टनांच्या पुढं असतो. २०२० साली आलेल्या आयलंड व्हिक्टरीची चाचणी ४७७ टनांवर गेली होती. पण पत्रकावरचा आकडा शांत पाण्यातला असतो. लाटा आल्या, किंवा इंजिनांची थोडी ताकद विंच (दोर-साखळी ओढून गुंडाळणारं यंत्र), क्रेन आणि जागा धरून ठेवणाऱ्या बाजूच्या थ्रस्टरकडे गेली, की तो खाली येतो. म्हणून सर्वोच्च आकडा ऐकून खूश होऊ नका. सलग टिकणारा आकडा किती, आणि विंच चालू असताना त्यातला किती उरतो, ते विचारा.

दुसरी विंच. ड्रमवर दोराचे थर चढत जातात तसा विंचचा जोर कमी होत जातो. पत्रकावर असतो तो बहुधा पहिल्या थराचा जोर. साखळी ज्या दातेरी चाकावरून जाते ते चाक साखळीच्या मापाचंच हवं. १२० मिलिमीटरच्या साखळीचं चाक १३२च्या साखळीला चालत नाही. ही गोष्ट बंदर सोडण्याच्या आदल्या दिवशी लक्षात आलेली मी पाहिली आहे, आणि तेव्हाचे चेहरेही.

तिसरं, साखळी ठेवायची जागा. इथं थोडं गणित करू. बिनदांडीच्या, म्हणजे मध्ये आडवी दांडी नसलेल्या कडीच्या साखळीचं हवेतलं वजन टन प्रति मीटरमध्ये काढायचं तर व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि २०नं गुणा. १२० मिलिमीटर म्हणजे ०.१२, वर्ग ०.०१४४, गुणिले २०, म्हणजे मीटरला सुमारे २८८ किलो. एका टर्बाइनला ६०० मीटरच्या तीन साखळ्या असतील तर एकीचं वजन जवळजवळ १७३ टन, तिन्हींचं ५२० टनांच्या आसपास. प्रकल्पात दहा टर्बाइन असतील तर जहाजाला बंदरात किती खेपा माराव्या लागतील, याचा अंदाज इथंच येतो. हे गणित सहीच्या आधी करायचं असतं, नंतर नाही.

बाकीचं भराभर सांगतो. डेक एका चौरस मीटरवर किती टन पेलतो ते बघा, कारण सक्शन नांगराचा (उलट्या पिंपासारखा, पुढं येतोच) भार छोट्या जागेवर येतो. क्रेनला लाटेची वर-खाली हालचाल भरून काढणारी यंत्रणा आहे का ते बघा. तळाशी वस्तू अलगद टेकवायची तर तिच्यावाचून चालत नाही. डीपी म्हणजे थ्रस्टरच्या जोरावर आपोआप जागा धरून ठेवणारी यंत्रणा. जहाज डीपी-२ दर्जाचं हवं, म्हणजे एखादा जनरेटर किंवा थ्रस्टर बंद पडला तरी जागा सुटणार नाही. आणि पाण्याखालचे रोबो, म्हणजे आरओव्ही, शक्यतो दोन हवेत. एक बिघडतोच.

‘बहुउद्देशीय’ या शब्दाबद्दल एक सांगून ठेवतो. त्यात दोन वेगळ्या वंशांची जहाजं येतात. एक ओढणारं, मागं रोलर, मोठी विंच, साखळीच्या खोल कोठ्या. दुसरं बांधकामाचं, मोठा सपाट डेक, लाटेची हालचाल भरून काढणारी क्रेन, केबलचं फिरतं चाक बसवायची सोय. दोन्ही एकत्र असलेली जहाजंही आहेत आणि ती कामाची आहेत. पण एकाच खेपेत एकाच डेकवर नांगर, साखळ्या, केबल आणि आरओव्ही सगळं कोंबलं, तर एक ना धड, भाराभर चिंध्या. खरा फायदा असतो तो एका मोहिमेत नांगर, मग बंदरात येऊन डेक बदलून दुसऱ्या मोहिमेत जोडणी, मग तिसरीत केबल, असं तेच जहाज आणि तीच माणसं वापरण्यात. नांगर टाकताना तळ पाहिलेला आरओव्ही चालक जोडणीच्या वेळीही असेल, तर त्याला साखळीचं टोक शोधायला नकाशा फारसा लागत नाही.

डेक उलटा लावा

जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं. ऐकायला बाळबोध वाटतं. पण कोठीत साखळी ढिगासारखी पडते आणि शेवटची कडी आधी बाहेर येते. दोराचं रीळही तसंच. एका कामावर आमच्याकडे तीन रिळं चढवली होती, आणि पहिल्या नांगराचा दोर नेमका सगळ्यात आतल्या रिळावर होता. समुद्रात रिळं अदलाबदल करायला जागा नव्हती. दोन दिवस गेले. यादी बरोबर होती, पण कारकुनानं ती कामाच्या क्रमानं छापली आणि धक्क्यावरच्या लोकांनी ती चढवायच्या क्रमानं वाचली. तेव्हापासून मी यादीच्या डोक्यावर ठळक अक्षरात लिहितो: ‘हा क्रम समुद्रातला आहे’.

डेकवरची प्रत्येक जड वस्तू वेल्डिंगनं किंवा साखळ्यांनी जखडलेली असते. ते बांधकाम तोडायला लागणारा वेळ कामाच्या वेळापत्रकात धरा. तो नेहमी विसरला जातो.

नांगर बसवणं

नांगर कुठला, ते माती ठरवते. म्हणून प्रत्येक नांगराच्या जागी तळाची पाहणी आधी होते: दगड आहेत का, जुनी केबल किंवा न फुटलेला दारूगोळा आहे का, माती चिकण आहे की वाळू.

वाळू किंवा चिकणमाती असेल तर बहुधा ओढून रुतवायचा नांगर वापरतात. शेतातल्या नांगरासारखाच तो ओढला की खाली शिरतो. त्याच्या फाळाचा कोन जहाजावरच बसवून घ्यायचा असतो, वाळूला साधारण ३२ अंश, मऊ चिखलाला ५० अंश. कोन चुकला तर नांगर एकतर वरवर घसरतो, नाहीतर शिरतच नाही. तो सोडताना दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. तळाला टेकल्यावर फाळ खालच्या बाजूला आहे ना, आणि साखळी ठरलेल्या दिशेला पडली आहे ना. दोन्ही आरओव्हीच्या कॅमेऱ्यातून बघूनच ओढायला सुरुवात करायची. उताणा पडलेला नांगर कितीही ओढा, तो फक्त तळावर रेघ ओढत येतो.

मग भार-चाचणी. ठरलेल्या ताणावर दोर ओढून धरायचा, ठरलेली मिनिटं थांबायचं, नांगर सरकत नाही ना ते पाहायचं. बऱ्याचदा हवा असलेला ताण जहाजाच्या बोलार्ड पुलापेक्षा जास्त असतो. मग काय करायचं? समोरासमोरचे दोन नांगर एकमेकांना साखळीनं जोडायचे आणि मधल्या ताणयंत्राला धरून जहाजानं वर ओढायचं. वाळत घालायची दोरी घट्ट बांधून मधोमध थोडी वर उचला, दोन्ही टोकांच्या खुंट्यांवर तुमच्या हाताच्या जोरापेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. तेच तत्त्व. विंचच्या ताकदीवर आडवी ओढ दुपटीहून जास्त मिळवता येते.

चिकणमाती खोल आणि एकसारखी असेल तर सक्शन नांगर. उलट्या ठेवलेल्या मोठ्या पिंपासारखा. क्रेननं तळाला टेकवला की स्वतःच्या वजनानं थोडा रुततो. मग आरओव्ही त्याच्या डोक्यावर पंप लावून आतलं पाणी बाहेर काढतो, बाहेरच्या पाण्याचा दाब त्याला खाली ढकलतो. घाई केली तर आतली माती वर उचलली जाते आणि नांगर अर्ध्यात अडतो. इथं हातोडा नसतो, आवाज नसतो, आणि वेळेचा अंदाज बऱ्यापैकी खरा ठरतो. हायविंड स्कॉटलंडला प्रत्येक टर्बाइनला असे तीन नांगर आहेत. नॉर्वेतल्या हायविंड टॅम्पेननं पुढचं पाऊल टाकलं. तिथल्या ११ टर्बाइनना १९ नांगरच पुरले, कारण शेजारच्या टर्बाइन नांगर वाटून घेतात. नांगर कमी, पण त्यातला एक चुकीच्या जागी बसला तर एकाहून जास्त टर्बाइनची मापं बिघडतात.

नांगर बसले की त्यांच्या साखळ्या आणि दोर तळावर मांडून, वरचं टोक खुणेसह सोडून जहाज निघतं. फ्लोटर महिन्याभरानं येईल, कधी पुढच्या हंगामात. पॉलिएस्टरचे दोर असतील तर ते तळाच्या वाळूत लोळू द्यायचे की नाही, हे उत्पादकाच्या सूचनेत आधी वाचा, कारण कण आत शिरले की धागे आतून कापले जातात. दोराच्या अंगावर लांबीभर एक रंगीत रेघ असते. ती सरळ दिसली तर दोराला पीळ नाही. रेघ सापासारखी फिरत गेली तर काम तिथंच थांबवा.

डेकवर कुठं उभं राहायचं नाही

हा भाग मी नवीन माणसाला डेकवर पाठवण्याआधी स्वतः सांगतो, कागदावर सही घेऊन मोकळा होत नाही.

साखळी रोलरवरून आत येते तेव्हा आधी पायाखाली कंप जाणवतो, मग प्रत्येक कडीचा ठोका. ठरलेली कडी जबड्यांच्या वर आली की विंचवाला थांबतो, जबडे डेकमधून वर येऊन कडी पकडतात, बाजूच्या खुंट्या साखळीला सरकू देत नाहीत. विंच सैल झाली की सगळा भार जबड्यांवर येतो, आणि आवाज एकदम बंद होतो. ती शांतता फसवी असते. लोक पुढं सरसावतात ते नेमके तेव्हाच. जबडे बंद असल्याची खात्री ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतून, तोंडी आल्याशिवाय एकही पाऊल टाकायचं नाही, ताणलेल्या दोराच्या रेषेत किंवा त्याच्या कोनाच्या आतल्या बाजूला तर कधीच नाही.

डेकवरच्या माणसाला जे दिसत नाही ते जहाजाच्या स्थिरतेचं. १२ एप्रिल २००७ रोजी शेटलंडच्या पश्चिमेला बोर्बन डॉल्फिन हे नांगर-हाताळणी जहाज एका तेलविहिरीच्या रिगचा नांगर नेत असताना उलटलं. १५ जणांपैकी ८ जण गेले. साखळी जड होती, प्रवाहानं जहाज ठरलेल्या रेषेपासून दूर गेलं होतं, आणि आतली खुंटी खाली घेतल्यावर साखळी डेकवर एकदम बाजूला सरकून बाहेरच्या खुंटीवर गेली. जो भार मधोमध होता तो कडेला आला. खुंटी खाली घ्यायचा निर्णय काही सेकंदांचा, पण तो घेताना साखळीचा कोन, तिचा भार आणि त्या क्षणीची जहाजाची स्थिरता हे तिन्ही माहीत असायला हवेत. म्हणून ब्रिजवर जाल तेव्हा एवढं विचारा: साखळी कडेच्या खुंटीवर आली तर आपलं जहाज किती ताण सहन करेल? उत्तराला वेळ लागला तर हिशोब झालेला नाही असं समजा.

हवामानाची खिडकी

आकाश स्वच्छ आहे म्हणून टर्बाइन बंदरातून काढत नाहीत. त्याला हिशोब आहे, आणि तो समजला की ‘आज का निघत नाही’ हा प्रश्न पडत नाही.

समजा जोडणीला १८ तास लागतील असं ठरलं. काही अडलंच तर म्हणून आणखी तेवढेच धरले. झाले ३६ तास. या अख्ख्या काळाचा अंदाज मर्यादेच्या आत हवा. आता मर्यादा बघा. काम २ मीटर लाटांपर्यंत करता येतं असं गणितानं सांगितलं, तरी अंदाजात २ मीटर चालत नाहीत, कारण अंदाज चुकू शकतो. म्हणून मर्यादेला एकापेक्षा लहान गुणकानं गुणतात. तो समजा ०.७५ असेल, तर अंदाजातली लाट १.५ मीटरच्या वर नको. काम जितकं लांब तितका गुणक लहान. डीएनव्ही या जहाजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या सागरी कामांच्या मानकात हे गुणक तक्त्यात दिलेले आहेत. त्याच मानकानुसार ठरवलेली वेळ ७२ तासांच्या आत आणि जादा वेळ धरून ९६ तासांच्या आत असेल, तरच अंदाजाच्या भरवशावर काम काढता येतं. त्याहून लांबलं तर त्या मोसमात येऊ शकणाऱ्या वाईट हवामानाला तोंड देण्याची तयारी दाखवावी लागते.

लाटेची उंची सगळं सांगत नाही. दीड मीटरची लांब, सावकाश उसळी फ्लोटरला जितकी डोलवते तितकी दोन मीटरची आखूड लाट कधी कधी डोलवत नाही. अंदाजाच्या कागदावर उंचीशेजारचा सेकंदांचा रकाना वाचायची सवय लावा.

निघायचं की नाही, यावर शेवटची सही विम्याच्या बाजूनं नेमलेल्या सागरी सर्वेक्षकाची असते. तो तुमचा शत्रू नाही. वेळापत्रकाचा दबाव नसलेला तिथला तो जवळजवळ एकटा माणूस असतो.

ओढत नेणं

पुढं एक मुख्य जहाज, मागं किंवा बाजूला मदतीच्या टगबोटी. वेग साधारण तीन नॉट, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाएवढा. बंदरातून निघताना दोन अंतरं मोजलेली हवीत: फ्लोटरखाली तळापर्यंत किती पाणी आणि पात्याच्या टोकावर किती मोकळं आकाश. नदीच्या मुखातून निघत असाल तर वरून वीजवाहिन्या किंवा पूल जात नाहीत ना?

नवख्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट विजेची. टर्बाइन ग्रीडला जोडलेलं नसतं, म्हणजे स्वतः वीज तयार करणारं ते यंत्र प्रवासात विजेसाठी परावलंबी असतं. दिवे, आतली हवा कोरडी ठेवणारी यंत्रं, वाऱ्याकडे तोंड फिरवणारी मोटर, सगळं छोट्या डिझेल जनरेटरवर. त्याचं इंधन कोण, कधी, कसं भरणार हे ठरवून घ्या, कारण वाटेत फ्लोटरवर चढणं सोपं नसतं.

ओढायचा दोर तुटला तर? फ्लोटरवर दुसरा दोर आधीच बांधून ठेवलेला असतो आणि त्याचं हलकं, तरंगतं टोक मागं पाण्यात सोडलेलं असतं. कुणालाही फ्लोटरवर न चढवता ते उचलता येतं. निघण्याआधी ते टोक खरोखर तरंगतंय का, हे डोळ्यांनी बघा. नवीन दोर रिळाची सवय धरून गुंता करून बसतो.

जोडणी

इतके दिवस केलेलं सगळं या एका दिवसासाठी असतं.

फ्लोटर जागेवर आला की ओढणारी जहाजं त्याला तीन बाजूंनी धरून ठरलेल्या तोंडानं उभा करतात. बहुउद्देशीय जहाज जवळ येतं. आरओव्ही खाली जाऊन तळावरच्या साखळीचं टोक विंचच्या दोराला अडकवतो, ते रोलरवरून डेकवर येतं आणि जबड्यात बसतं. फ्लोटरकडून हलका दोर येतो, त्यामागून फ्लोटरच्या बाजूची साखळी. दोन टोकं डेकवर समोरासमोर. मध्ये जोडकडी बसते, तिची खीळ, खिळीची चावी. मग जोडलेली साखळी जबड्यातून सावकाश पाण्यात सोडायची. काही रचनांमध्ये जोडणी पाण्याखालीच होते आणि डेकवर काही येत नाही. ती सुरक्षित, पण आरओव्ही चालकाचा कस पाहणारी.

पहिला दोर बहुधा वाऱ्या-लाटांच्या बाजूचा जोडतात. किती दोर जोडल्यावर फ्लोटर वादळात स्वतःच्या जिवावर उभा राहील, हे कागदावर आधीच ठरलेलं असतं. तोपर्यंत टगबोटींनी हलायचं नाही, कप्तान कितीही कुरकुरला तरी. ‘तीनपैकी दोन झाले, तिसरा उद्या’ हे वाक्य मी ऐकलं आहे. दोन दोरांवर फ्लोटर नक्की किती सहन करेल याचा कागद दाखवा, मग उद्या.

इथं डीपीची एक गंमत समजून घ्या. तुमचं जहाज उपग्रहाच्या मदतीनं पृथ्वीच्या हिशोबानं जागा धरतं. फ्लोटर मात्र अर्धवट बांधलेला असतो, तो काही मीटर इकडेतिकडे फिरतोच. तुम्ही स्थिर आणि तो हलता, म्हणजे दोघांतलं अंतर बदलत राहणार. म्हणून फ्लोटरवर परावर्तक लावून लेसर किंवा रडारनं सापेक्ष अंतर मोजतात. पण जागा धरण्याच्या यंत्रणेत स्थिर आणि हलते दोन्ही संदर्भ नकळत मिसळले, तर यंत्राला आपणच सरकतोय असं वाटतं आणि ते जहाज सरकवायला निघतं. कुठला संदर्भ चालू, कुठला बंद, हे पाळी बदलताना तोंडी आणि लेखी दोन्ही सांगायचं.

सगळे दोर जोडले की ताण लावायचा. ताण थेट मोजण्यापेक्षा साखळी फ्लोटरला ज्या कोनात येते तो कोन मोजून ताण काढणं बऱ्याचदा सोपं जातं. साखळी मात्र कडी-कडीनंच घट्ट होते. १२० मिलिमीटरच्या साखळीत एक कडी पुढं गेली की लांबी सुमारे ४८ सेंटिमीटर बदलते, आणि साखळी धरणाऱ्या बऱ्याच थांब्यांत एकाच दिशेला वळलेली कडी बसते, म्हणजे एका वेळी ९६ सेंटिमीटर. त्यामुळे अभियंत्याच्या कागदावरचा अचूक कोन हुबेहूब मिळत नाही. किती कमी-जास्त चालेल ते आधी लिहून घ्या, नाहीतर रात्रभर एकच कडी आत-बाहेर होत राहील.

केबल

तळावर स्थिर पडणाऱ्या केबलपेक्षा फ्लोटरला लटकणारी केबल वेगळी असते. ती आयुष्यभर हलणार असते. तिला मध्येच तरंगणारे मणके बांधून पाण्यात उंटाच्या पाठीसारखा बाक देतात, म्हणजे फ्लोटर हलला तरी ताण थेट तळापर्यंत जात नाही. मणक्यांचं अंतर डेकवर टेप लावून मोजा. वरच्या टोकाला केबल फार वाकू नये म्हणून शंकूसारखं जाड आवरण असतं. ते खेचून आत घेताना अडकलं तर जोर लावू नका, आधी आरओव्ही पाठवा.

पुढची चाचणीची कामं टर्बाइनवाल्यांची. तुमचं जहाज तेव्हा फक्त माणसं नेणारं, हलत्या पुलावरून चढवणारं. त्यासाठी वेगळं, लहान जहाज स्वस्त पडतं.

परत सोडवायची वेळ

जोडलं की झालं, असं तरंगत्या पवनचक्कीचं नाही. मोठा भाग बदलायचा तर एक मार्ग म्हणजे दोर सोडून अख्खं टर्बाइन बंदरात परत ओढून नेणं. किनकार्डिनचं एक टर्बाइन २०२२ मध्ये असंच रॉटरडॅमला गेलं, हायविंड स्कॉटलंडची टर्बाइन २०२४ मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी नॉर्वेला गेली. म्हणजे तुम्ही आज बसवलेली जोडकडी काही वर्षांनी दुसऱ्याच जहाजाचा माणूस, कदाचित धुक्यात, ती शेवाळानं माखलेली असताना शोधणार आहे.

त्याच्यासाठी प्रत्येक दोराची नोंद त्याच पाळीत लिहा. जोडकडीचा नंबर, ती फ्लोटरपासून कितव्या कडीला आहे, खीळ कुठल्या बाजूनं घातली, चावी कुठल्या प्रकारची, पाण्यात सोडण्याआधीचा फोटो, आणि आरओव्हीनं तळावर पाहिलेली जागा. फोटो काढताना शेजारी पाटीवर दोराचा क्रमांक खडूनं लिहून धरा. ओल्या साखळीच्या कड्या फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात.